घरचा बळद

घरात बैल नाही आणि पोरीचं लग्न ठरलं, ही डोंगरसिंग राठोडाची खरी अडचण होती. बाकी सगळं जमून आलं होतं. मुलगा चांगला होता. शाम त्याचं नाव, फुलसावंगीला त्याचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. व्याही पूनमसिंग जरा मिशीला पीळ देणारे, पण मनाचे मोकळे. मंडपवाला ठरला, आचारी ठरला. घोडं अडलं ते बैलापाशी.

लग्नाला बैल कशाला, असं ज्याला वाटतं त्यानं बंजाऱ्यांची पाठवणी पाहिलेली नसते. नवरी निघताना तिला घरच्या बैलाच्या पाठीवर उभं करतात. तिथं उभी राहून, सगळ्या तांड्यादेखत, ती रडत रडत गाते. त्या गाण्याला हवेली म्हणतात. बापाची हवेली भरलेली राहो, भावाच्या कणग्या रित्या न होवोत, असं मागणं मागते आणि मग सासरची वाट धरते. डोंगरसिंगाचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. सगळा संसारच बैलाच्या पाठीवर, तेव्हा निरोपही तिथूनच घ्यायचा. पुढे फिरणं थांबलं, पळसतांडा वसला, कापूस-सोयाबीन आलं, ट्रॅक्टर आले आणि एकेक करून बैल गेले. हवेली तेवढी राहिली.

मागच्या वर्षी तांड्यातल्याच धावजीनं आपल्या पोरीसाठी शेजारच्या गावच्या बबनरावांचा बैल मागून आणला होता. बैल गुणी होता, पण त्यानं डीजे कधी ऐकला नव्हता. पहिल्या दणक्यालाच तो नवरीला घेऊन पंगतीत शिरला, वरणाचं पातेलं त्यानं लवंडलं आणि धावजीच्या व्याह्याला कडुनिंबावर चढायला लावलं. नवरी जिलबीच्या परातीत सुखरूप उतरली. तेव्हापासून कुणी बैलाचा विषय काढला की बबनरावांना अचानक कमी ऐकू येई.

त्यामुळे साखरपुड्याला पूनमसिंगांनी मिशीवरून हात फिरवत विचारलं, "बैलाचं काय करता, व्याही? आमच्याकडे तं आता पोरीले स्टुलावर उभं करतेत," तेव्हा सगळे हसले.

उत्तर आतून आलं. नवरी मुलगी रंजिता दाराशी उभी होती. यवतमाळला रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करणारी पोर, तिला चारचौघांत बोलायची भीड कशाची!

"आमच्या घरी बळद हाय की," ती म्हणाली. "गोठ्यातच उभा हाय."

बळद म्हणजे बैल. पाहुणे गोठ्याकडे पाहू लागले. डोंगरसिंगाला मात्र लगेच कळलं. गोठ्यात त्याचा ट्रक होता. पोरीला ट्रक म्हणायचं होतं.

त्यानं मांडीवर थाप मारली. "माई पोर घरच्या बळदावरूनच निघन! वेशीपर्यंत! डोंगरसिंगचा शब्द हाय!"

"चालता बळद पायजे बरं," पूनमसिंग म्हणाले. "बसलेला नाई."

"चालताच राहीन."

शब्द तोंडातून गेला. बायको जमनीनं सुपारीचं ताट पुढं करता करता नवऱ्याकडे असं पाहिलं, की दुसऱ्या कुणाची जीभ टाळूला चिकटली असती.

तो ट्रक रंगानं नारिंगी आणि नावानं ढवळ्या होता. डोंगरसिंगाच्या आजाचा सगळ्यांत पुढं चालणारा बैल पांढराशुभ्र होता, त्याचं नाव ढवळ्या. ट्रक घेतला तेव्हा डोंगरसिंगानं दारव्ह्याच्या पेंटरला तेच नाव कपाळावर काढायला लावलं. पेंटर म्हणाला, रंग आणि नाव जुळत नाही. डोंगरसिंग म्हणाला, माझं नाव डोंगरसिंग आहे, मी कुठं डोंगराएवढा आहे? मग त्या ढवळ्यानं उभ्या जिल्ह्याचा कापूस जिनिंगवर वाहिला. त्याच्यावर घर उभं राहिलं, बादलचं आणि रंजिताचं शिक्षण झालं. उन्हाळ्याच्या सुट्टीत रंजिता केबिनमध्ये बापाशेजारी बसून पाढे म्हणे, आणि पाढा चुकला की डोंगरसिंग हॉर्न वाजवे.

पुढे डोंगरसिंगाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि ट्रकच्या कागदांचं वय संपलं. दोघंही एकदमच रस्त्यावरून उतरले. भंगारवाले येऊन गेले, डोंगरसिंगानं त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. रिकाम्या गोठ्याची एक भिंत पाडून त्यानं ट्रक आत घेतला, विटांवर चढवला, रेडिएटरमधलं पाणी काढून टाकलं, भिंतीच्या जागी टिनाचं फाटक बसवलं आणि किल्ली जमनीकडे दिली. डोळ्यांचं ऑपरेशन होऊन सगळं लख्ख दिसू लागलं तरी तो परत त्या गोठ्यात गेला नाही. ज्याच्यावर जीव लावला त्याला तसं निजलेलं पाहवत नव्हतं त्याला. थोरल्या बादलनं पिकअप घेतली आणि ट्रकचा विषय घरात निघेनासा झाला.

आता निघाला. आणि नुसता निघाला नाही, व्याह्यांसमोर निघाला.

दारव्ह्याहून नागोराव मिस्त्री आले. ढवळ्याच्या उमेदीच्या काळात त्याचं इंजिन यांनीच दोनदा उघडलं होतं. आता त्यांचे गुडघे दुखत, पण जीभ ठणठणीत होती.

"भाऊ, या हातानं मी मेलेली इंजनं उठवली," त्यांनी मोपेडवरून उतरता उतरताच सुरुवात केली. "हे तं नुसतं झोपलं हाय. चहा सांगा."

फाटक उघडलं. केबिनमध्ये एक कोंबडी अंड्यांवर बसली होती आणि उठायला तयार नव्हती. वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या. टायरांना भेगा गेल्या होत्या. डोंगरसिंग दारातच उभा राहिला. मग हळूच पुढं होऊन त्यानं बॉनेटवर हात ठेवला, जसा आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात, आणि म्हणाला, "उठ बाप्पा. पोरीचं लगन हाय."

पुढचे दिवस गोठ्यात नुसता खटखटाट होता. टाकीतलं जुनं डिझेल काकवीसारखं घट्ट निघालं. टाकी आतून गंजलेली, म्हणून केबिनमागे नवीन डिझेलचा डबाच टांगला. इंजिन जाम होतं. नोझल काढून आत डिझेल आणि तेल सोडून रात्रभर मुरवत ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी नागोराव, बादल आणि डोंगरसिंग अशा तिघांनी पहारीला लोंबकळून ते फिरवायचा प्रयत्न केला. फिरेना. नागोराव म्हणाले फिरेल. फिरेना. नागोराव म्हणाले, माझ्या अनुभवानं सांगतो, आता फिरणार. तेव्हा पहार सटकली आणि तिघंही शेणाच्या गोवऱ्यांत पडले. उठून पाहतात तर इंजिन बोटभर सरकलं होतं. डोंगरसिंगानं आनंदाच्या भरात नागोरावांना मिठी मारून पुन्हा गोवऱ्यांत पाडलं.

क्लच सुटा झाला, वायरी नव्या टाकल्या, धावजीच्या ट्रॉलीचे जुने टायर चढले. रेडिएटरमध्ये पाणी भरायची वेळ आली तेव्हा डोंगरसिंगाला जरा नवल वाटलं. बादली पुरती रिकामी व्हायच्या आत पाणी तोंडाशी आलं.

"मिस्त्री, आंधी तं लय पानी पेत होता हा."

"म्हातारपनी तहान कमी होते, भाऊ," नागोराव म्हणाले, आणि झाकण लावलं.

बादलच्या पिकअपची बॅटरी जोडली. डोंगरसिंग चालकाच्या सीटवर बसला. त्याचे पाय आपोआप आपापल्या जागी गेले. किल्ली फिरवली, सेल्फनं चारदोन वेळा कण्हून पाहिलं, नागोरावांनी हातपंपानं लायनीतली हवा काढली, पुन्हा किल्ली फिरवली, आणि गोठ्याच्या पत्र्यावरची धूळ खाली आली. काळ्या धुरानं गोठा भरला. धुरातून खोकल्याचे आवाज आले, शिव्यांचे आले, आणि त्या सगळ्याच्या वर ढवळ्याचा घडघडाट. तांड्यातली कुत्री भुंकायला लागली. म्हाताऱ्या बाया हातातलं काम टाकून आल्या. त्यांना तो आवाज ओळखीचा होता. डोंगरसिंग स्टिअरिंगवर दोन्ही हात आपटत लहान पोरासारखा हसत होता.

हसणं फार टिकलं नाही. थोड्याच वेळात बॉनेटमधून वाफ यायला लागली. आणि वाफेबरोबर एक वास आला. तो डिझेलचा नव्हता, जळक्या रबराचा नव्हता. भूक लागावी असा वास होता.

"इंजनात कोनी सैपाक करून राह्यलं काय?" नागोराव म्हणाले.

इंजिन बंद केलं. गोणपाट धरून झाकण काढलं. आतून पांढरट, घट्ट फेस उतू आला. नागोरावांनी तो बोटावर घेतला, जरा निवू दिला, हुंगला, आणि मिस्त्री माणूस, सवयीनं जिभेवरही ठेवला.

"भाऊ, ही तं आंबील हाय."

"कायची आंबील?"

"ज्वारीची. मिठाची कमी हाय."

तांड्यातल्या कोंबड्या धावत आल्या. त्यांच्या मनात काही शंका नव्हती, त्या सरळ जेवायला बसल्या. डोंगरसिंग आधी रेडिएटरकडे, मग कोंबड्यांकडे, मग घराच्या दाराकडे पाहत राहिला. दारात जमनी तोंडाला पदर लावून उभी होती.

"जमनी!"

"मीच देत होती," ती म्हणाली. "दर पोयाले. मोठंसं काई नाई, एक ओंजळभर ठोंबरा."

ठोंबरा म्हणजे पोळ्याच्या दिवशी बैलाला चारायची शिजवलेली ज्वारी. आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळायची, त्याच्या कानात म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. आणि दुसऱ्या दिवशी ओवाळून आपल्या हातानं घास द्यायचा. जमनी हे सगळं लहानपणापासून करत आलेली. गोठ्यातला बैल बदलला म्हणून रीत कशी बदलेल, एवढाच तिचा हिशेब होता.

"ट्रकाले कोनी जेवू घालते काय!" डोंगरसिंग ओरडला. "अन् घातलं तं घातलं, रेडिएटरात कायले?"

"मंग तोंड कोठी हाय त्याचं? तुमी रोज सकाळी तठीच पानी पाजत होते. मले वाटलं तेच तोंड."

"वहिनी, तोंड बरोब्बर पाह्यलं तुमी," नागोराव म्हणाले. "त्याले गियता येत नाई, तेवढंच चुकलं."

"मिस्त्री, तुमी गप बसा! लगन तोंडावर आलं. मी व्याह्याले शब्द देल्ला. अन् माया घरातच माया ट्रकाच्या नरड्यात..."

आता जमनीचा पदर तोंडावरून खाली आला.

"शब्द देल्ला! देताना मले इचारलं? पोया आला का तुमी दारव्ह्याले पयून जात होते. हाटेलात बसून दिवसभर चहा पेत होते. गोठ्याकडं पाह्यलं तरी काय कधी? ज्यानं घर उभं केलं त्याले सनाच्या दिवशी उपाशी ठेवू? आवतन देऊन? मले नाई जमत तसं."

डोंगरसिंगानं हातातलं गोणपाट खाली टाकलं. तो वळला आणि ट्रकच्या पुढच्या बाजूला गेला. एवढ्या दिवसांत त्याचं लक्ष सगळं इंजिनाकडे, बंपर त्यानं धड पाहिलाच नव्हता. सगळा पत्रा तांबेरलेला होता. बंपरवर मात्र पिवळट, तुपकट थर होता, वर्षावर्षाचा बसलेला. बोटानं खरवडून पाहिलं तर खाली लोखंड जसंच्या तसं. जिथं तिचा हात फिरला होता तेवढी जागा गंजली नव्हती.

त्याला फार वाईट वाटलं. त्याला जे पाहवत नव्हतं ते ही बाई दर वर्षी एकटी किल्ली घेऊन उघडत होती, ओवाळत होती, आणि बोलली नव्हती. मग त्याला ती अंधाऱ्या गोठ्यात ट्रकच्या कानात आवतन देतानाची डोळ्यांसमोर आली, आणि ट्रकचा कान तिनं कोणता धरला असेल हा प्रश्न पडला.

"आवतन कोठी सांगत होती?" त्यानं विचारलं.

"आरशापाशी," जमनी म्हणाली.

डोंगरसिंग हसायला लागला. बंपरवरच बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. जमनी आधी फुगून उभी राहिली, मग तिलाही आवरेना.

रेडिएटर काढला. खाण्याचा सोडा टाकून उकळलं, तरी नळ्या मोकळ्या होईनात. ज्वारी आत सिमेंटसारखी बसली होती. रंजिता सुट्टी टाकून आली होती. हळद लागायची पोर, पण बाह्या सरसावून बसली. लॅबमधून तिनं मोठी, सुई नसलेली सिरिंज आणली आणि एकेका नळीत गरम पाण्याची पिचकारी मारू लागली. तांड्यातल्या बाया खराट्याच्या काड्या घेऊन भोवती बसल्या. संध्याकाळी नवरीनं त्यांच्यात बसून रडायचं, गायचं, हवेली शिकायची अशी जुनी रीत. जमनी सूर धरायची, रंजिता तिच्यामागून म्हणायची, आणि कुणाची काडी आरपार गेली की गाणं तिथंच टाकून सगळ्या ओरडायच्या.

डोंगरसिंग लांबून ऐकायचा. नीट ऐकायचा नाही. बापानं हवेली आधी ऐकायची नसते असं नाही, पण ऐकली की पोर आता जाणार हे आठवायचं, म्हणून तो काही ना काही ठोकत बसायचा.

रेडिएटर बसला, इंजिन थंड राहू लागलं. पण या सगळ्या खटपटीत पुन्हा पुन्हा किल्ली मारून सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारा स्टार्टर, जळाला, आणि तसा जुना सेल्फ यवतमाळलाही मिळेना.

"घाबरू नोका," नागोराव म्हणाले. "सकाळी पिकअपनं ओढून चालू करू. मंडपापाशी उभा करू. फक्त एक ध्यानात ठेवा, भाऊ. एकदा चालू झाला का बंद करायचा नाई. बंद केला तं धक्क्याशिवाय उठनार नाई, अन् वऱ्हाडी मान्सापुढं धक्का मारनं बरं दिसत नाई."

लग्नाच्या दिवशी ढवळ्या नव्या नवरदेवासारखा दिसत होता. बंपरला झेंडू, आरशांना गोंडे, कपाळावर नाव नव्यानं रंगवलेलं. बादलनं पिकअपला दोर बांधून तांड्याभोवती एक फेरी ओढली, इंजिन सुरू झालं, आणि डोंगरसिंगानं ट्रक आणून मंडपाच्या तोंडाशी, वेशीकडे तोंड करून उभा केला. तिथून वेशीवरच्या चिंचेपर्यंत बारीकसा उतार होता. चाकांखाली दगड लावले. नागोराव खुर्ची टाकून शेजारी बसले आणि जो येईल त्याला हात न लावण्याबद्दल ताकीद देऊ लागले.

मंगलाष्टकं झाली ती घडघडाटात. पंगती उठल्या त्या घडघडाटात. लोक एकमेकांच्या कानात ओरडून वरण मागत होते. शामच्या पांढऱ्या शेरवानीवर काजळीचे ठिपके पडले. पण पूनमसिंग येऊन ट्रकभोवती एक फेरी मारून गेले आणि डोंगरसिंगाच्या पाठीवर थाप मारून ओरडले, "चालता हाय!" डोंगरसिंगाची छाती फुगली. त्या दिवशी त्याला जेवणसुद्धा गेलं नाही, इतका तो खूश होता.

पाठवणीची वेळ झाली. डीजे बंद केला. बादलनं शिडी लावली आणि रंजिताला केबिनच्या टपावर चढवलं. तो मागं हौद्यात तिला धरून उभा राहिला. डोंगरसिंग आत स्टिअरिंगवर बसला. समोर काचेतून त्याला सगळा तांडा दिसत होता. डोक्यावर पत्रा, आणि पत्र्यावर पोर.

टपावर पावलं हलली. बाया पुढं सरकल्या. गाणं सुरू झालं असावं. असावं, कारण डोंगरसिंगाला इंजिनाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. समोरच्या म्हाताऱ्या बाया कानामागे हात धरून वर पाहत होत्या. एकीनं दुसरीला काही विचारलं, दुसरीनं मान हलवली. पूनमसिंगांनी कपाळाला आठ्या घातल्या. डोंगरसिंगाला वाटलं, आता निघा म्हणत असतील. त्यानं गिअरला हात घातला.

तेवढ्यात जमनी पायदानावर चढली. तिचे डोळे लाल झाले होते.

"तुमाले आयकू येते काय?" तिनं ओरडून विचारलं.

"काय?"

"तेच तं म्हनते मी! कोनालेच येऊन नाई राह्यलं! पोर वर गाऊन राह्यली!"

डोंगरसिंगाचा हात गिअरवरच राहिला. इंजिन बंद करायची दांडी स्टिअरिंगखाली होती, गुडघ्याजवळ. ती ओढली की संपलं. सगळ्या वऱ्हाडासमोर दिलेला शब्द, इतक्या दिवसांची मेहनत, पूनमसिंगांची ती थाप. खाली नागोराव दोन्ही हात हलवून नाही नाही करत होते. त्याला क्षणभर त्या दांडीचा रागच आला. मग वर पाऊल पुन्हा हललं, अगदी हलकं, आणि त्याला कळलं की वरची पोर कुणाला ऐकू जात नाही हे समजूनही गातेच आहे. शब्द राखायला मी ट्रक उठवला, आणि ज्या हवेलीसाठी शब्द दिला तीच बुडवून बसलो, असं त्याच्या मनात आलं.

त्यानं दांडी ओढली.

इंजिन थरथरलं, एक आचका दिला आणि थांबलं. इतका वेळ कान भरून राहिलेला आवाज गेल्यावर तांडा एकदम मोठा वाटायला लागला. कुठं तरी बकरी ओरडली. रंजिता थांबली होती. मग तिनं पहिल्यापासून सुरुवात केली.

आता पत्र्यातून तिचा आवाज सरळ खाली आला. बापाची हवेली भरलेली राहो. याडीच्या, म्हणजे आईच्या, चुलीतला विस्तव विझू नये. वीराच्या, भावाच्या, दारी पाहुणा उपाशी जाऊ नये. बापू, तुझ्या रस्त्यावर सावली असो, तुझ्या डोळ्यांना लांबचं दिसो. हे शेवटचं जुन्या हवेलीत नव्हतं. पोरीनं आपल्या मनानं घातलं होतं. डोंगरसिंगानं स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं आणि रडला. लाजला नाही, लपवलं नाही. जमनी पायदानावरच उभी होती, तिनं खिडकीतून हात घालून त्याचा खांदा धरला.

गाणं संपलं. बाया डोळे पुसत होत्या. आणि मग सगळ्यांना आठवलं, की आता बळदानं चालायला हवं. डोंगरसिंगानं उगाच एकदा किल्ली फिरवली. टिक् झालं. नागोरावांनी तोंड फिरवलं.

पुढं आले ते पूनमसिंग. त्यांनी डोक्यावरचा फेटा काढला, एका पोराच्या हातात दिला आणि मिशीवरून हात फिरवला.

"काय पाहून राह्यले रे?" ते आपल्याच वऱ्हाडावर ओरडले. "घरचा बळद अडला तं मानूस खांदा देते का नाई?"

आणि त्यांनी खांदा लावला. मग धावजीनं लावला. शाम शेरवानीच्या बाह्या वर करून आला, त्याला कुणी नको म्हणायच्या आत त्याचे पंजे काजळीनं काळे झाले होते. इकडचे आले, तिकडचे आले, बाया आल्या. कोणी दगड काढले. "हर हर महादेव" झालं आणि ढवळ्या हलला.

उतार लागला तसा वेग आला. डोंगरसिंगानं दुसरा गिअर टाकून क्लच दाबून धरला होता. आता फक्त पाय उचलायचा. त्याला पायाखालून कळत होतं, एवढ्या वेगात इंजिन नक्की उठेल.

"सोडा!" नागोराव दुखरे गुडघे विसरून शेजारून धावत होते. "भाऊ, क्लच सोडा! आत्ता सोडा!"

टपावर रंजिता पुन्हा गायला लागली होती. या वेळी रडत नव्हती. खाली ढकलणाऱ्या बाया तिच्यामागून सूर धरत होत्या, धापा टाकत, मध्येच हसत. डोंगरसिंगाचा पाय क्लचवर होता. त्यानं तो तसाच दाबून ठेवला.

चिंचेखाली त्यानं हँडब्रेक ओढला. दोन्हीकडची माणसं बॉडीला टेकून दम खात होती. नागोराव पायदान धरून धापा टाकत उभे राहिले.

"काहून... काहून नाई सोडला? उठला असता! माया मेहनतीचं भाऊ तुमी..."

"आयकून राह्यलो होतो, मिस्त्री," डोंगरसिंग म्हणाला.

वरून बांगड्या वाजल्या. टपावर पालथी होऊन रंजितानं काचेतून आत पाहिलं. तिचा चेहरा उलटा दिसत होता, काजळ कपाळाकडे ओघळलं होतं.

"बापू, आली काय वेस?"

डोंगरसिंगानं नाक पुसलं.

"आली बेटा," तो म्हणाला. "पन उतरायची घाई नोको करू."